दगड आधी भाजायचा, मग फोडायचा

गेल्या उन्हाळ्यात पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या कोरड्या पात्रातून मी मूठभर गारगोट्या आणल्या. त्यातली एक लिंबाएवढी, पिवळसर आणि मेणचट दिसणारी होती. ती मधोमध फोडली. एक अर्धुक तसंच ठेवलं, दुसरं एका मैत्रिणीच्या मातीकामाच्या विजेच्या भट्टीत घातलं आणि तिसऱ्या दिवशी बाहेर काढलं. वरून पाहिलं तर रंग जरा तांबूस झाला होता, एवढंच. मग तांब्याचं टोक बसवलेल्या दांडीने दोन्ही अर्धुकांच्या कडेवर सारखाच दाब दिला. कच्च्या अर्धुकातून नखाएवढा, खडबडीत, मध्येच मोडलेला छिलका निघाला. भाजलेल्यातून निघाला तो त्याच्या दुप्पट लांब, पातळ, सलग. आणि त्याच्याखाली उघडी पडलेली जागा तुपाचं बोट फिरवल्यासारखी चकाकत होती.

दगडाची हत्यारं घडवणारे लोक याला 'दगड भाजणं' म्हणतात तेव्हा त्यांना हेच अपेक्षित असतं. आज अमेरिकेत आणि युरोपात हौसेने बाणाची टोकं, सुऱ्या घडवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरामागे एक छोटी भट्टी असतेच. पण युक्ती काही आजची नव्हे. माणूस ती किमान ७२,००० वर्षं वापरतो आहे. ती का चालते, याचं उत्तर मात्र गेल्या साठ वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळत गेलं.

दगड फुटतो तेव्हा

हत्यार घडवायला कुठलाही दगड चालत नाही. काचेच्या बाटलीचा जाड बूड फुटला की शिंपल्यासारखे गोलाकार तरंग असलेला तुकडा निघतो, तसा फुटणारा दगड लागतो. भूविज्ञानाच्या पुस्तकांत याला शंखाभ भंजन म्हणतात. अशा दगडात ठरलेल्या दिशेने चिरण्याची खोड नसते, त्यामुळे घाव कुठे आणि कोणत्या कोनात घातला त्यावर तडा कुठे जाणार हे ठरतं. कारागिराची सगळी हुकमत इथूनच येते.

चकमक म्हणजे फ्लिंट, तिचा भाऊबंद चर्ट, जास्पर, अकीक, कॅल्सेडनी हे सगळे या जातीचे. मूळ पदार्थ एकच, सिलिका. वाळूत आणि स्फटिकासारख्या गारगोटीत असते तीच, पण इथे तिचे कण इतके बारीक की साध्या भिंगातूनही दिसत नाहीत. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात हा माल भरपूर आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिलं आणि थरावर थर बसत अकीक आणि कॅल्सेडनी तयार झाली. खडक झिजला की त्या गाठी सुट्या होतात आणि नदीपात्रात येतात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तिथल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची कॅल्सेडनीची सरळ, समांतर धारेची पाती याच मालातली.

आता कच्च्या चर्टमध्ये तडा कसा जातो ते बघू. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. विटांमधला सांधा विटेपेक्षा कमजोर असेल, तर भिंतीला गेलेला तडा विटांना वळसे घालत, पायऱ्यापायऱ्यांनी जातो. सांधा विटेइतकाच पक्का असेल तर तडा वीट आणि सांधा यांत भेद न करता सरळ आरपार जातो. कच्च्या चर्टमधला तडा पहिल्या प्रकारचा असतो. तो कणांना आणि त्यांच्यामधल्या सूक्ष्म रंध्रांना वळसे घालत जातो. प्रत्येक वळशाला जोर खर्च होतो, म्हणून छिलका लवकर थकतो आणि मध्येच मोडतो. पृष्ठभागही खडबडीत उरतो, आणि खडबडीत पृष्ठभागावरून उजेड विखुरतो म्हणून तो निस्तेज दिसतो. भाजलेल्या दगडात कणांमधले सांधे पक्के होतात. तडा कण कापत सरळ जातो, जोर वाया जात नाही, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चकाकतो.

इथे एक गोष्ट मला सुरुवातीला पचत नव्हती. सांधे पक्के झाले तर दगड फोडायला अवघड व्हायला हवा, सोपा कसा होतो? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडतं. सर्दलेली चकली तुटत नाही, वाकते आणि चिवट लागते; तीच चकली जरा गरम करून ओल घालवली की टचकन मोडते. तिचा कडकपणा उलट वाढलेला असतो, फक्त वातडपणा गेलेला असतो. दगडाचंही तसंच आहे. भाजल्याने तो मऊ होत नाही. १९७१ मध्ये बार्बरा पर्डी आणि ब्रूक्स यांनी फ्लोरिडातल्या चर्टवर केलेल्या प्रयोगांत भाजलेला दगड दाबाखाली उलट जास्त ताकदीचा ठरला, पण ताणून तोडायला गेल्यावर कितीतरी आधी तुटला. दगड घडवताना आपण त्याला चिरडत नसतो, एका टोकाकडून उलगडत असतो. म्हणून त्याच्या अंगचा वातडपणा कमी झाला की काम हलकं होतं.

पाणी, आणि रिकामे झालेले हात

हा वातडपणा येतो कुठून? त्यात पाण्याचा मोठा वाटा आहे. चकमकीचा दगड कितीही कोरडा दिसला तरी त्यात वजनाच्या सुमारे एक टक्का पाणी असतं. काही पाणी रंध्रांत साधं पाणी म्हणूनच असतं. उरलेलं पाण्याच्या रूपात नसतंच. सिलिकाच्या कणांच्या कडेला, जिथे सिलिकॉनचा अणू पुढच्या शेजाऱ्याशी जोडला जायला हवा होता तिथे, ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी चिकटून बसलेली असते. त्यामुळे तो सांधा अर्धवट राहतो.

दोन माणसं अगदी शेजारी उभी आहेत, पण दोघांच्याही हातात पिशव्या आहेत, अशी कल्पना करा. एकमेकांचा हात धरता येत नाही. साधारण २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात दोन शेजारच्या जोड्या मिळून पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि बाहेर पडतो. मागे एक ऑक्सिजन उरतो, तो दोन्ही सिलिकॉनना जोडणारा पूल बनतो. पिशव्या खाली ठेवल्या, हात धरले. अशा लाखो जोड्या जुळल्या की रंध्रं बुजत जातात आणि दगड आतून एकसंध होतो. दगड थंड झाला म्हणून हे पूल तुटत नाहीत. एकदा भाजला तो कायमचा भाजला.

हे स्पष्टीकरण मुख्यतः पॅट्रिक श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या पंधरा-सोळा वर्षांत मांडलं. त्याआधी बरीच मतं होऊन गेली. १९६४ मध्ये डॉन क्रॅबट्री आणि बटलर यांनी भाजलेल्या दगडावर पहिला नीट लेख लिहिला. क्रॅबट्री हे आयडाहोचे, स्वतः हातांनी हत्यारं घडवून शिकलेले. पुढे कुणी म्हटलं की दगडातली अशुद्ध द्रव्यं वितळून कण चिकटवतात, कुणी म्हटलं की सूक्ष्म तडे पडतात म्हणून दगड सहज फुटतो, कुणी म्हटलं की सिलिकाचे स्फटिक नव्याने बनतात. ३०० अंशांना वितळण्यासारखं फारसं काही घडत नाही, आणि सूक्ष्म तडे पडले असते तर पृष्ठभाग इतका गुळगुळीत निघालाच नसता. मला तरी पाण्याचं उत्तर सर्वांत पटणारं वाटतं, कारण भट्टीजवळ बसल्यावर जे जे बिघडतं आणि जमतं, ते सगळं त्यातून उलगडतं.

रंग बदलतो तो लोखंडामुळे. पिवळसर दगडात लोखंडाचं पाणी धरून ठेवणारं पिवळं खनिज असतं, गोएथाइट. २५० ते ३०० अंशांच्या आसपास तेही आपलं पाणी सोडतं आणि लाल हेमाटाइट होतं. पिवळट मातीची वीट आव्यातून लाल होऊन येते, तीच ही गोष्ट. ज्या दगडात लोखंड नाही तो भाजूनही पांढराच राहील, म्हणून रंगावरून दगड भाजला की नाही ते ठरवता येत नाही. खरी परीक्षा चकाकीची, आणि तीही नव्याने फोडलेल्या जागेची. भाजण्यापूर्वी फुटलेली जागा भट्टीतून येऊनही निस्तेजच राहते. एकाच हत्यारावर जुने व्रण निस्तेज आणि त्यांना छेदणारे नवे व्रण तकतकीत दिसले, की पुरातत्त्वज्ञ समजतात: हा दगड थोडा घडवला, मग भाजला, मग पुन्हा घडवला.

भट्टीपाशी

आता प्रत्यक्ष काम. यात दगड बिघडतो तो बहुतेक वेळा किती तापवला यापेक्षा किती घाईने तापवला यामुळे.

ज्वारीच्या लाह्या कशा फुटतात? दाण्यातल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि दाणा फुटतो. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १,७०० पट जागा लागते. दगड झपाट्याने तापवला तर हेच होतं. अंगावरून नाण्याच्या किंवा मडक्याच्या झाकणाच्या आकाराच्या कपच्या फटकन उडतात आणि मागे वाटीसारखे खड्डे राहतात. दुसरा धोका असमान तापण्याचा. दगड उष्णता सावकाश वाहून नेतो. बाहेरचा भाग तापून फुगलेला, आतला अजून थंड, अशी ओढाताण झाली की आतून तडे जातात. हे तडे नेहमी दिसत नाहीत. दोन तास खपून घडवलेलं पातं शेवटच्या दाबाला तिथून दोन तुकडे होतं, तेव्हा कळतं.

म्हणून पहिली गोष्ट, आख्खा गोटा भट्टीत घालायचा नाही. आधी फोडून दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. जाडी कमी असेल तितकं पाणी लवकर सुटतं आणि आतबाहेर तापमान सारखं राहतं. नदीतून आणलेले तुकडे काही आठवडे घरात कोरडे ठेवावेत. मग भट्टीत शंभर अंशांच्या किंचित खाली, आख्खी रात्र किंवा पूर्ण दिवस. या टप्प्यात दगड भाजला जात नाही, फक्त सुटं पाणी निघून जातं. कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच टाळायचा मोह होतो.

त्यानंतर तासाला २५ अंशांच्या वेगाने वर न्यायचं. शंभरापासून ३०० पर्यंत पोचायला आठ तास लागतात. वर पोचल्यावर तिथे चार-पाच तास थांबायचं, कारण भट्टीतलं थर्मोकपल हवेचं तापमान सांगतं, दगडाच्या गाभ्याचं नाही. गाभा मागून येत असतो. उतरताना चढताना होता तोच वेग किंवा त्याहून कमी. दार उघडायचं ते आतला आकडा ५० च्या खाली गेल्यावर. सगळं मिळून दोन दिवस सहज जातात.

माझा पहिला डाव या शेवटच्या पायरीवर गेला. आकडा १९० वर होता, मला वाटलं आता काय होणार, आणि मी दार बोटभर किलकिलं केलं. आतून बारीक टिक-टिक असा आवाज आला, पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तसा. बाहेर काढलेल्या नऊपैकी सहा चकत्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे होते. त्यात एक लालभडक अकीक होता, मी तो मुद्दाम जपून ठेवला होता, त्याचं अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या डावात मी चकत्या मातीच्या पसरट कुंडीत वाळूत पुरल्या. ही कल्पना ज्याला सुचली त्याने भडभुंज्याची कढई नक्की पाहिली असणार, असं मला वाटलं. दाणे थेट कढईत न भाजता तो तापलेल्या वाळूत भाजतो, कारण वाळू आच सगळीकडून सारखी देते. विजेच्या भट्टीत तारांच्या समोरचा दगड जास्त तापतो आणि मागचा कमी. वाळू हा भेद मिटवते. शिवाय एखादा तुकडा उडालाच तर तो तारांवर न आदळता वाळूतच राहतो. मातीकाम करणाऱ्यांची भट्टी उसनी घेतली असेल तर हे विसरू नये.

किती अंशांना न्यायचं याचा एकच आकडा नाही. बहुतेक चर्ट आणि अकीक २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान बदलतात. अमेरिकेतल्या आर्कान्सामधला नोव्हाक्युलाइट नावाचा दगड त्याहून बराच जास्त, ४०० च्या वर मागतो. नवा दगड हाती आला की एकाच गोट्याचे चार-पाच तुकडे करावेत, एक कच्चा ठेवावा, बाकीचे वेगवेगळ्या खेपांत २२५, २५०, २७५ असे चढत्या क्रमाने भाजावेत आणि प्रत्येकाचा एक छिलका काढून शेजारी ठेवावा. चकाकी जिथे पहिल्यांदा दिसते तिथे थांबावं. जास्त भाजला तर दगड इतका ठिसूळ होतो की धार लावता लावताच ढासळतो, आणि ते परत सुधारता येत नाही. ५७३ अंशांची सीमा तर ओलांडूच नये. तिथे सिलिकाच्या स्फटिकाची रचनाच एकदम बदलते आणि तो झटक्यात फुगतो. सिरॅमिकचं काम करणाऱ्यांना हा आकडा पाठ असतो.

काही दगडांना भट्टी दाखवूच नये. ऑब्सिडियन ही मुळातच ज्वालामुखीतली काच आहे, तिला भाजून मिळवायचं काही नाही. आपला काळा बसाल्ट कितीही भाजला तरी त्यात हा बदल होत नाही. ओपलमध्ये पाणी इतकं असतं की तो फुटायचीच शक्यता जास्त. आणि आत पोकळी असलेली अकीकची गाठ न फोडता भट्टीत घालणं धोक्याचं, कारण अशा पोकळीत कधीकधी पाणी कोंडलेलं असतं.

भाजण्याची किंमतही आहेच. धार जास्त तीक्ष्ण मिळते, पण टिकत कमी. बाणाचं टोक, पातळ सुरी यांना ते चालतं. लाकडावर घाव घालायची कुऱ्हाड किंवा कातडं खरवडायचं हत्यार करायचं असेल तर वातड, कच्चा दगडच बरा. तिथे वातडपणा हाच गुण ठरतो.

राखेत सापडलेला तुकडा

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मोसेल बे जवळ पिनॅकल पॉइंटच्या गुहा आहेत. तिथे काम करणारे काइल ब्राउन आणि कर्टिस मॅरियन यांना एक कोडं पडलं होतं. गुहेतली हत्यारं सिलक्रीट नावाच्या, म्हणजे सिलिकाने घट्ट झालेल्या वाळू-मातीच्या दगडाची, सुबक, तकतकीत. पण आसपासच्या डोंगरातला सिलक्रीट आणून घडवायला घेतला की तो भरड, निस्तेज आणि हट्टी. कुठल्याच खाणीतला दगड जुळेना. मग उत्खननात राखेत रुतलेला सिलक्रीटचा एक मोठा तुकडा सापडला आणि त्यांना शंका आली की दगड आगीत घातलेला असावा. त्यांनी सिलक्रीट वाळूत पुरून वर जाळ केला, सावकाश ३५० अंशांपर्यंत नेला, सावकाश निवू दिला. बाहेर आलेला दगड गुहेतल्या हत्यारांसारखाच तकतकीत निघाला. चकाकी मोजून आणि चुंबकीय चाचण्या करून त्यांनी २००९ मध्ये जाहीर केलं की ७२,००० वर्षांपूर्वी तिथे दगड सर्रास भाजला जात होता, आणि कदाचित १,६४,००० वर्षांपूर्वीही.

ही बातमी एवढी मोठी का ठरली? आग, वेळ, वाळू, दगड यांची सांगड घालायची, काही तास किंवा दिवसांनी मिळणाऱ्या फळासाठी आज लाकडं जाळायची, आणि हे सगळं पुढच्या पिढीला शिकवायचं, याला नियोजन लागतं आणि बहुधा बोलीही लागते.

यावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो मला फार आवडतो. श्मिट यांच्या गटाने दाखवलं की सिलक्रीटची रंध्रं एकमेकांना जोडलेली असल्याने वाफ सहज निसटते, म्हणून हा दगड थेट निखाऱ्यांत टाकला तरी तगू शकतो. दक्षिण आफ्रिकेतल्याच डीपक्लूफ इथल्या काही हत्यारांवर त्यांना जळक्या लाकडाच्या डांबरासारखा लेप मिळाला, म्हणजे ते दगड निखाऱ्यांना चिकटून होते. तसं असेल तर रोजच्या चुलीतच, स्वयंपाक करता करता, काम होत असणार आणि अवघड नियोजनाचा मुद्दा थोडा सौम्य होतो. पण फ्लिंट आणि आपला अकीक इतके सोशिक नाहीत. युरोपात सोल्युट्रियन काळातल्या, म्हणजे साधारण २० हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी चकमक भाजून त्यावर दाबाने छिलके काढले, तेव्हा त्यांना आच सांभाळावीच लागली असणार. इस्राएलमधल्या केसेम गुहेतली दोन ते चार लाख वर्षांपूर्वीची हत्यारं तपासून २०२० मध्ये एका गटाने असंही मांडलं की तिथली पाती कमी आचेवर आणि साधे छिलके जास्त आचेवर तापलेले आहेत, म्हणजे आच निवडली जात होती.

खंबायतची उलटी मडकी

आपल्या जवळ ही विद्या अजून जिवंत आहे, आणि ती हत्यारांच्या नव्हे, मण्यांच्या धंद्यात. गुजरातेत खंबायतचे कारागीर अकीक भाजूनच घडवतात. दगड येत तो भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून. तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाचा तो पीर, आणि अकीकचा व्यापार त्याच्या नावाशी जोडलेला आहे.

दगड आधी महिनोन् महिने उन्हात वाळवतात. मग जुन्या पद्धतीत मातीच्या मडक्यांत भरून मडकी चरात उलटी मांडत, भोवती शेळ्यांच्या लेंड्यांचा किंवा शेणाचा जाळ करत, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. हा जाळ भडकत नाही, धुमसतो. म्हणजे उन्हातलं वाळवणं हा आपला शंभर अंशांचा टप्पा, धुमसता जाळ हा सावकाश चढणारा आलेख, आणि मडकं ही वाळू. माझ्या भट्टीवरचा कंट्रोलर जे आकड्यांत करतो तेच ते लोक शतकानुशतकं इंधन निवडून करत आले. रंग गडद व्हावा म्हणून मणी पुन्हा पुन्हा भाजतात.

घडवायची तऱ्हाही पाहण्यासारखी. जमिनीत लोखंडाची टोकदार सळई तिरकी रोवलेली असते. कारागीर दगडाची कड तिच्या टोकाला टेकवतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याच्या, बारीक लवचीक दांड्याच्या हातोडीने टोला घालतो. घाव वरून, पण छिलका सुटतो सळईच्या बाजूने. कच्च्या अकीकवर असं नाजूक काम होऊच शकत नाही. लोथलला मणी घडवणाऱ्यांची कार्यशाळा आणि भट्टी सापडली आहे, आणि तिथून खंबायत फार लांब नाही. सिंधू संस्कृतीतले लाल मणी मेसोपोटेमियात उरच्या राजघराण्याच्या दफनांत मिळाले, इतकी त्यांना मागणी होती.

या वाटेवर पैठणही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात लिहिलंय की पैठणहून भरूचच्या बंदराकडे अकीकच्या जातीचे दगड भरपूर प्रमाणात गाड्यांतून जात, आणि रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून जात. मी ज्या पात्रातून मूठभर गोटे उचलले, तिथलाच किंवा आसपासचा माल.

खंबायतची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे काम कुणाला करायला सांगणं बरोबर नाही. अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साठून सिलिकोसिस होतो. त्यावर उपचार नाही, आणि त्याने तिथली कित्येक घरं उघडी पडली आहेत. हौसेने दगड फोडणाऱ्याला ती धूळ सोडते असं समजू नये. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसा, चष्मा आणि धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, मांडीवर जाड चामडं घ्या, दगड घासायचा असेल तर पाण्याखालीच घासा, आणि कपडे घरात झटकू नका. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्या. भाजलेल्या दगडाचे छिलके कच्च्यापेक्षा जास्त धारदार असतात, अनवाणी फिरणाऱ्या लेकरांचा विचार करा.

आणखी एक विनंती. शेतात किंवा नदीकाठी बारीक पाती, छिलके काढून उरलेले गाभे, छिलके एका जागी दाट पडलेले दिसले तर ते उचलू नका. ती जुनी वस्ती असू शकते. तसंच आपले फोडलेले, भाजलेले तुकडे तिथे टाकू नका. उद्या कुणी संशोधक तिथे आला तर आपला गेल्या मे महिन्यातला छिलका त्याला तीन हजार वर्षांपूर्वीचा वाटेल.

म्हणून माझे सगळे तुकडे मी घरी आणतो. ती दोन अर्धुकं आता एका डबीत शेजारी शेजारी आहेत. कच्च्यावर काळ्या शाईने 'क' लिहिलंय, भाजलेल्यावर 'भ', आणि डबीत एक चिठ्ठी: गोदावरी, पैठणच्या खाली, वाळूत पुरून, ९५ अंश, २० तास, तासाला २५, २७५ अंश, ५ तास, दार तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं.